शाळेची हद्द कोणी आखावी?

घरापासून जवळची शाळा कोणती, हा प्रश्न वरवर पाहता भूगोलाचा वाटतो. नकाशावर फूटपट्टी ठेवावी, अंतर मोजावे आणि उत्तर सांगावे, इतका तो सोपा भासतो. परंतु राज्यशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थानिक शासनसंस्था हा विषय शिकताना माझ्या असे ध्यानात आले की, ज्या देशांत प्राथमिक शाळेची हद्द कायद्याने ठरवली जाते, तेथे ही एक रेषा घरांच्या किमती, मुलांचे सोबती आणि कित्येकदा त्यांचे भवितव्यही ठरवून जाते. मग ही रेषा आखायची कोणी? अधिकाऱ्याने, न्यायालयाने, की त्या वस्तीतल्या लोकांनी? या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ आणि सर्वांत कडवट अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे. त्या अनुभवाचा थोडक्यात आढावा घेऊन तो आपल्याला काय शिकवतो, हे पाहण्याचा या लेखात माझा प्रयत्न आहे.

हद्द म्हणजे काय?

अमेरिकेत शालेय शिक्षणाचा कारभार सुमारे १३,००० स्थानिक शिक्षण जिल्ह्यांकडे आहे. बहुतेक जिल्ह्यांना निवडून आलेले शिक्षण मंडळ असते. हे मंडळ प्रत्येक सरकारी प्राथमिक शाळेला गावाचा किंवा शहराचा एक भाग नेमून देते. त्या भागात राहणाऱ्या मुलाने त्या शाळेत जायचे, असा सर्वसाधारण प्रघात आहे. या नेमून दिलेल्या भागाला मी या लेखात 'शाळेची हद्द' असे म्हटले आहे.

ही हद्द एकदा आखली की कायमची झाली, असे मात्र नसते. एका बाजूला नवी घरे उठतात आणि तिथली शाळा ओसंडून वाहू लागते. दुसऱ्या बाजूची वस्ती म्हातारी होत जाते आणि तिथले वर्ग ओस पडतात. मग मंडळाला हद्दी पुन्हा आखाव्या लागतात. त्या वेळी विचारात घ्यायच्या गोष्टी पुष्कळ असतात: शाळेत किती मुले मावतात, पुढील पाच-दहा वर्षांत किती येतील, मुलांना लोहमार्ग किंवा वाहता हमरस्ता ओलांडावा लागेल काय, बसचा खर्च किती, एका शाळेतून बाहेर पडणारी मुले पुढच्या शाळेत एकत्र जातील काय, आणि श्रीमंत व गरीब मुले एका वर्गात बसतील काय. अडचण अशी की, यांतली प्रत्येक गोष्ट स्वतंत्रपणे योग्य असली तरी सगळ्या एकदम साधत नाहीत. सर्वांत जवळची शाळा द्यायची म्हटले, तर श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंतांची राहते आणि गरीब वस्तीची गरिबांची. मुले मिसळायची म्हटले, तर कोणाला तरी लांब जावे लागते.

त्यात पैशाचा धागा गुंतलेला आहे. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, आणि चांगल्या शाळेच्या हद्दीतील घर महाग विकले जाते. सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ विदुषीने १९९९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील हद्दीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या घरांची तुलना करून दाखवले की, शाळेच्या परीक्षेतील गुण पाच टक्क्यांनी अधिक असतील, तर पालक घरासाठी सुमारे अडीच टक्के अधिक किंमत मोजतात. रस्ता तोच, शेजार तोच. फरक फक्त नकाशावरील रेषेचा. ही रेषा हलवायची म्हटली की सभेत आवाज का चढतात, ते यावरून कळावे.

नकाशातील अन्याय आणि न्याय

कॅन्सास राज्यातील टोपीका शहरात लिंडा ब्राऊन या कृष्णवर्णीय मुलीच्या घरापासून गोऱ्या मुलांची शाळा अवघ्या सात चौकांवर होती. तिला मात्र रेल्वेच्या यार्डातून वाट काढीत बस गाठावी लागे आणि सुमारे मैलभर दूरच्या, काळ्या मुलांसाठी राखलेल्या शाळेत जावे लागे. तिच्या वडिलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, वेगळ्या ठेवलेल्या शाळा मुळातच असमान असतात.

कायद्यातला भेद असा संपला. पण नकाशातला भेद शिल्लक राहिला. डेन्व्हर शहरात कायद्याने वेगळ्या शाळा नव्हत्या. तरीही तेथील पार्क हिल भागात शिक्षण मंडळाने हद्दी अशा वाकवल्या, नवी शाळा अशा जागी आणि अशा आकाराची बांधली की, काळी मुले एका बाजूस आणि गोरी दुसऱ्या बाजूस राहावीत. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने हे हेतुपुरस्सर केलेले पृथक्करण ठरवले. पेन्सिलने केलेला अन्याय हा पाटी लावून केलेल्या अन्यायाइतकाच खरा असतो, हे त्या निकालाने मान्य केले.

जी पेन्सिल अन्याय करते ती न्यायही करू शकते, हे त्याआधी दोन वर्षे, १९७१ साली, शार्लट शहराच्या खटल्यात मान्य झाले होते. हद्दी बदलणे, एकमेकांना न लागून असलेले भाग एका शाळेला जोडणे आणि मुलांची बसने ने-आण करणे हे उपाय न्यायालयाने वैध ठरवले. मात्र १९७४ साली डेट्रॉइटच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी असे ठरले की, उपनगरांच्या शिक्षण जिल्ह्यांनी पृथक्करण केल्याचे सिद्ध झाल्याशिवाय शहराच्या योजनेत त्यांना ओढता येणार नाही. ज्यांना मिसळायचे नव्हते त्यांना शहराची वेस ओलांडून राहायला जाणे पुरेसे झाले. त्याच वर्षी बॉस्टन शहरात न्यायालयाच्या हुकमाने मुलांची अदलाबदल सुरू झाली, तेव्हा साउथ बॉस्टनमध्ये काळ्या मुलांच्या बसवर दगड फेकले गेले.

पुढे २००७ साली सिअॅटल आणि लुईव्हिल या दोन शहरांच्या योजना सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केल्या. एखाद्या मुलाचा वर्ण पाहून त्याची शाळा ठरवू नये, असा त्या निकालाचा आशय. परंतु निर्णायक मत देणारे न्यायमूर्ती केनेडी यांनी स्वतंत्रपणे लिहिले की, वस्त्यांची घडण ध्यानात घेऊन हद्दी आखण्यास आणि शाळांच्या जागा निवडण्यास मंडळांना आडकाठी नाही. म्हणजे इतक्या खटल्यांनंतर सुधारणेच्या हाती उरलेल्या मोजक्या साधनांत हद्दीचा नकाशा हे एक प्रमुख साधन राहिले, आणि तो नकाशा काढण्याचे ठिकाण न्यायालयातून पुन्हा गावच्या सभेत आले.

सभेत काय घडले?

लोकांना विचारून केलेल्या योजनांत कॅलिफोर्नियातील बर्कली शहराचे नाव प्रथम घ्यावे लागेल. न्यायालयाचा हुकूम नसताना १९६८ साली तेथील मंडळाने टेकडीवरील सधन वस्ती आणि सपाटीवरील गरीब वस्ती यांच्या प्राथमिक शाळा जोडल्या. लहान वर्गांसाठी सगळी मुले टेकडीवरच्या शाळांत जाऊ लागली आणि चौथीपासूनच्या वर्गांसाठी सगळी मुले सपाटीवरच्या शाळांत येऊ लागली. प्रवासाचा भार दोन्ही बाजूंनी उचलला, हे या योजनेचे वैशिष्ट्य होय. अमेरिकेच्या माजी उपराष्ट्राध्यक्ष कमला हॅरिस याच योजनेत बसने शाळेत गेल्या. २००४ पासून बर्कलीने शहराचे चारशेहून अधिक लहान तुकडे करून प्रत्येक तुकड्याची उत्पन्न, पालकांचे शिक्षण आणि वर्ण यांवरून प्रतवारी लावली. या पद्धतीत एका तुकड्यातील सर्व मुलांना, त्यांचा स्वतःचा वर्ण कोणताही असो, एकच प्रत लागू होते. म्हणूनच २००९ साली राज्याच्या अपील न्यायालयात ही पद्धत टिकली.

नॉर्थ कॅरोलिनातील वेक परगण्याने २००० साली वर्णाऐवजी उत्पन्नाचा निकष घेतला. सवलतीच्या दरात जेवण मिळण्यास पात्र असलेली मुले कोणत्याही शाळेत ४० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे उद्दिष्ट ठेवले. योजनेचे पुष्कळ कौतुक झाले. पण परगणा झपाट्याने वाढत होता, दरवर्षी हजारो मुलांच्या शाळा बदलत होत्या, आणि पालक थकले. २००९ च्या निवडणुकीत मंडळातील बहुमत फिरले आणि मार्च २०१० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते धोरण सोडण्यात आले. २०११ च्या निवडणुकीत मतदारांनी बहुमत पुन्हा उलट फिरवले! लोकमताचा लंबक दोन्ही बाजूंना कसा जातो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

मला सर्वांत विचार करायला लावणारे उदाहरण वाटते ते न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील. तेथे पी. एस. ८ ही शाळा ब्रुकलिन हाइट्स या सधन वस्तीत आहे. तिच्यात बहुसंख्य मुले गोरी होती आणि शाळा तुडुंब भरली होती. मैलाहूनही कमी अंतरावर, सरकारी घरकुलांच्या फॅरागट वसाहतीलगत, पी. एस. ३०७ ही शाळा आहे. तिच्यात दहांपैकी नऊ मुले काळी किंवा लॅटिन अमेरिकन वंशाची होती आणि वर्ग रिकामे होते. २०१५ साली शहराच्या शिक्षण खात्याने डंबो व व्हिनेगर हिल हे भाग पहिल्या शाळेच्या हद्दीतून काढून दुसरीच्या हद्दीत घालण्याचे सुचवले.

डंबोमधील सधन पालकांची नाराजी अपेक्षितच होती. पण घरकुलांतील पालकांनीही शंका घेतल्या, त्या अधिक मोलाच्या होत्या. ही शाळा आम्ही कष्टाने उभी केली, विज्ञानाचे आणि चिनी भाषेचे वर्ग सुरू करवून घेतले. उद्या सधन मुले आली की आमचीच मुले परकी होतील, पालक संघ त्यांच्या हाती जाईल आणि गरीब मुलांच्या संख्येवर मिळणारे संघराज्याचे अनुदानही जाईल, असा त्यांच्या बोलण्याचा सारांश होता. निम्म्या जागा गरीब मुलांसाठी राखाव्यात, अशी मागणीही पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये हद्दबदलास त्या विभागाच्या सामुदायिक शिक्षण परिषदेची मंजुरी लागते. परिषदेने अधिक वेळ मागून घेतला आणि अखेर जानेवारी २०१६ मध्ये बदल मंजूर केला. निकोल हॅना-जोन्स या कृष्णवर्णीय पत्रकार महिलेची मुलगी त्याच पी. एस. ३०७ मध्ये शिकत होती. त्यांनी या साऱ्या प्रकरणावर २०१६ साली लिहिलेला दीर्घ लेख अमेरिकेत फार गाजला.

मेरीलँड राज्यातील हॉवर्ड परगणाही असाच. १९६० नंतरच्या काळात सर्व वर्णांच्या व उत्पन्नांच्या लोकांनी एकत्र राहावे या हेतूने वसवलेले कोलंबिया शहर याच परगण्यात आहे. पण २०१९ साली शाळांतील गर्दी आणि गरिबीचे केंद्रीकरण कमी करण्यासाठी सुमारे ७,४०० मुलांच्या शाळा बदलण्याचा प्रस्ताव येताच तेथेही पालक रस्त्यावर उतरले, आणि त्यांत आशियाई स्थलांतरित कुटुंबेही होती. अनेक सुनावण्यांनंतर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात सुमारे ५,४०० मुलांचा बदल मंजूर झाला. उदार विचारांच्या गावातही स्वतःच्या दारावरून रेषा जाऊ लागली की माणूस बदलतो.

लोकांचे मत म्हणजे कोणाचे मत?

या सर्व उदाहरणांवरून मला दोन-तीन गोष्टी निश्चितपणे दिसतात. पहिली अशी की, सुनावणीला जो येतो त्याला आपले काय जाणार हे आधीच ठाऊक असते. ज्याला लाभ होणार असतो, तो बहुधा येतच नाही. कारण त्याचे मूल अजून पाळण्यात असते, किंवा तो रात्रपाळीला गेलेला असतो, किंवा सभेची भाषा त्याची नसते. म्हणून सभागृहातील टाळ्या मोजून लोकमत ठरवणे म्हणजे बाजाराच्या दिवशी चावडीवर बसलेल्यांनाच गाव समजण्यासारखे आहे.

दुसरी गोष्ट क्रमाची. नकाशा आधी दाखवला की प्रत्येक जण प्रथम स्वतःचे घर शोधतो आणि मग त्या घराला सोयीचे तत्त्व शोधतो. तेच, नकाशा नसताना तत्त्वांविषयी विचारले, तर माणूस पुष्कळसा न्यायाने बोलतो. लहान मुलाने किती चालावे? भावंडे एका शाळेत असावीत की नाही? गरीब मुले एकाच शाळेत कोंबावीत काय? या प्रश्नांची उत्तरे आधी ठरली, तर नकाशा काढणाऱ्याचे हात आणि विरोध करणाऱ्याचे तोंड, दोन्ही मर्यादेत राहतात.

तिसरी गोष्ट, गरिबांचा विरोध आणि श्रीमंतांचा विरोध एकाच मापाने मोजू नये. एकाला आपला विशेष लाभ टिकवायचा असतो, दुसऱ्याला आपले असलेले थोडके गमवायचे नसते. सभेच्या इतिवृत्तात दोन्हींची नोंद 'विरोध' अशीच होते; पण न्यायाच्या तराजूत त्यांचे वजन सारखे नाही.

आपल्याकडे

आपल्याकडे अमेरिकेसारखी काटेकोर हद्द नाही, म्हणून हा प्रश्न आपला नाही, असे कोणी म्हणेल. पण तसे नाही. वेगळ्या शाळांचा प्रश्न तर आपण त्यांच्याही आधी हाताळला होता. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. ब्राऊन खटल्याच्या पस्तीस वर्षे आधीची ही गोष्ट आहे. पुढे १९६६ साली कोठारी आयोगाने परिसरशाळेची कल्पना मांडली. जात, धर्म, सांपत्तिक स्थिती न पाहता परिसरातील सर्व मुलांनी एकाच शाळेत शिकावे, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातील आजरा तालुक्यातले, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने ही कल्पना स्वीकारली. पण ती कागदावरून उतरली नाही.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने 'परिसरातील शाळा' हे शब्द प्रथमच हक्काच्या भाषेत आणले. पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी तीन किलोमीटर, अशी मर्यादा नियमांत आली. खाजगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. आणि येथेच नकाशा पुन्हा डोकावतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, ज्या खाजगी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा आहे तिला या पंचवीस टक्क्यांतून सूट दिली. म्हणजे गरीब मुलाला शेजारी बसवण्याचे कर्तव्य एका वर्तुळाने पुसले गेले. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

दुसरा प्रश्न खेड्यापाड्यांचा. वीसहून कमी पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांहून अधिक असल्याचे २०२३ साली सांगण्यात आले. तोरणमाळ आणि पानशेत येथील प्रयोगांचा दाखला देऊन, अशा शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव त्याच वर्षी जिल्ह्यांकडून मागवण्यात आले. लहान शाळा बंद करणे म्हणजे एका हद्दीत दुसरी मिसळणे होय. त्यात चांगलेही काही आहे. चार मुले आणि एक गुरुजी यांच्या शाळेत खेळाचा संघही उभा राहत नाही, हे मी नाकारत नाही. पण अंतर कोण मोजतो आणि कशाने मोजतो, हा प्रश्न राहतोच.

अभ्यासासाठी म्हणून मी आमच्याच गावच्या एका वाडीचे अंतर मोजून पाहिले. नकाशावर सरळ रेषेने ती वाडी शाळेपासून एक किलोमीटरच्या आत येते. पण मध्ये ओढा आहे. उन्हाळ्यात मुले तो ओलांडून पंधरा-वीस मिनिटांत शाळेत येतात. पावसाळ्यात ओढा चढला की पुलावरून वळसा घ्यावा लागतो आणि तेच अंतर अडीच किलोमीटरांच्या घरात जाते. कायद्याच्या दृष्टीने मूल वर्षभर एकाच ठिकाणी राहते. ओढ्याच्या दृष्टीने तसे नाही. वाडीतील एका आजींना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "अरं बाळा, कागदाला पाऊस लागत न्हाई." केंद्राच्या आदर्श नियमांत दुर्गम भूभाग, पूर, रस्त्याचा अभाव आणि वाटेतील धोका पाहून मर्यादा कमी करावी, असे स्पष्ट म्हटले आहे. परंतु ओढ्याची माहिती कार्यालयातील नकाशाला नसते. ती आजींना असते. लोकांचा सहभाग हवा तो याचसाठी. तो हवा सौजन्य म्हणून नव्हे, तर त्याशिवाय नकाशा खोटा पडतो म्हणून.

चार सूचना

वरील विवेचनावरून मला सुचणाऱ्या चार गोष्टी मी नम्रपणे मांडतो. एक, शाळा बंद करण्यापूर्वी वा जोडण्यापूर्वी निकष ग्रामसभेत आधी ठरावेत आणि नकाशा नंतर यावा. दोन, अंतर पायवाटेने आणि पावसाळ्यात मोजावे. मोजताना शाळा व्यवस्थापन समितीतील पालक सोबत असावेत. कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. पण त्यांना सहीपुरते बोलावणे आणि मोजमापाला बोलावणे यांत फरक आहे. तीन, सभेला जे येत नाहीत त्यांच्याकडे सभेने जावे: ऊसतोडीला गेलेली कुटुंबे, पाड्यावरची, मोलमजुरी करणारी. चार, प्रवासाचा भार एकाच बाजूवर टाकू नये. मोठ्या गावची मुले जागची हलणार नाहीत आणि वाडीच्याच मुलांनी चालायचे, हा समझोता समझोता नव्हे. जेथे चालणे शक्य नाही तेथे वाहनाची लेखी हमी मिळाल्यावाचून जुनी शाळा बंद होऊ नये.

अमेरिकेतील सत्तर वर्षांचा अनुभव पाहता, लोकांना विचारले की न्याय आपोआप होतो, असे म्हणता येत नाही; आणि न विचारता केलेला न्याय टिकतो, असेही दिसत नाही. या दोहोंमधील वाट अरुंद आहे, पण ती चालण्याजोगी आहे. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ विद्यार्थी वाड्या-वस्त्यांवरून येतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण दहा वाड्यांची शाळेपर्यंतची वाट जरी पावसाळ्यात मोजली आणि ते आकडे त्या-त्या ग्रामसभेपुढे ठेवले, तरी एक चांगला अभ्यास होईल. सहाध्यायांनी आणि प्राध्यापकांनी या सूचनेचा विचार करावा, एवढीच विनंती. पहिल्या वाडीसाठी टेप आणि छत्री घेऊन मी तयार आहे.